मावशींचा दोन रकानी बायोडाटा

छापखाना बंद पडला त्या दिवशी मालकांनी भाषण केलं, कामगारांनी चहा घेतला आणि मावशी घरी येऊन तडक बायोडाटा करायला बसल्या. छापखान्यात त्यांना सगळे मावशीच म्हणत. वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. पानाच्या मांडणीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात छपाई पर्यवेक्षकाची जागा निघाली होती, आणि ती आपलीच, असं त्यांनी ठरवून टाकलं. नवऱ्याला पेन्शन होती, घर चाललं असतं. पण पेन्शनबरोबर नवराही दिवसभर घरात होता.

बायोडाटा नजर लागावी असा उतरला. दोन रकाने, मधे नाजूक रेघ, चारी बाजूंनी वेलबुट्टी आणि फोन नंबर एका सुबक चित्रात गुंफलेला. तो त्यांनी कारखान्याच्या संकेतस्थळावर चढवला. नकार इतक्या झटपट आला, की तिकडे कुणी तो हातात धरूनच बसलं होतं की काय, असं त्यांना वाटलं.

धाकटी जाऊ एका कंपनीत नोकरभरतीचंच काम बघायची. रविवारी ती आली.

"ताई, अर्ज आधी यंत्र वाचतं. त्याच्या चाळणीतून उरलेले तेवढे माणसापुढे जातात."

"मग यंत्राला काय खुपलं?"

जावेने बायोडाटा यंत्राला दिसतो तसा सपाट करून दाखवला. यंत्राला रकाने ठाऊकच नव्हते. डावीकडून निघालं ते मधली रेघ ओलांडून थेट उजव्या काठापर्यंत वाचत गेलं होतं. 'विवाहित, चार रंगांत. शिक्षण बारावी, अडकल्यास मशीन उघडून काढता येते. छंद बागकाम, तीन कामगारांवर देखरेख.' फोन नंबर तर नव्हताच. चित्रातलं त्याला दिसत नाही.

"चार रंगांत विवाहित, एवढं मात्र बरोबर आहे," पेपरामागून नवरा म्हणाला.

"तुम्ही पेपर वाचा."

नकार आला तरी मुदत संपेपर्यंत अर्ज बदलून पुन्हा पाठवता येत होता. मावशींनी पदर खोचला. वेलबुट्टी गेली, रेघ गेली, फोन नंबर चित्रातून बाहेर आला, दोनाचा एक रकाना झाला. उरलं ते पान किराणा दुकानाच्या पावतीसारखं दिसत होतं. त्याच्याकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि विचारलं, "पुढे?"

"आता शब्द. जाहिरातीत रंगजुळणी आहे, गुणवत्ता तपासणी आहे. तुम्ही काय लिहिलंय?"

"पडेल ते काम."

"यंत्राला ते कळत नाही, ताई."

"मालकांना बरं कळायचं."

पण त्या बसल्या. पडेल ते काम म्हणजे नेमकं काय काय अंगावर पडलं होतं, ते त्यांनी आठवून आठवून जाहिरातीच्या शब्दांत लिहून काढलं. यादी बघून त्यांचं त्यांनाच वाटलं, आपला पगार वाढवायला हवा होता.

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "एक युक्ती ऐकली आहे. जाहिरातीतले सगळे शब्द खाली पांढऱ्या अक्षरांत टाकायचे. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात."

"पांढऱ्यावर पांढरं छापायचं? हातातली कामं अशी घालवतात."

अडलं ते शेवटच्या अटीपाशी. 'डिजिटल छपाई मशीनचा अनुभव.' ते मशीन मावशींनी फक्त प्रदर्शनात, दोरीच्या अलीकडून पाहिलं होतं.

"गाळून टाका," जाऊ म्हणाली.

"विचारलंय तर उत्तर द्यायला नको?" असं म्हणून मावशींनी लिहिलं, 'डिजिटल छपाई मशीनचा अनुभव नाही. शिकण्याची तयारी आहे.'

अर्ज गेला. मंगळवारी सकाळी मोबाइलवर निरोप आला. मावशी चाळणीतून उतरल्या होत्या. उद्या मुलाखत, आणि डिजिटल मशीनवर प्रात्यक्षिक.

त्यांनी लगेच जावेला फोन लावला. "अगं, मी तर नाही म्हणून लिहिलं होतं."

"यंत्राने मशीन वाचलं असेल, ताई. नाही वाचलं नसेल."

"आणि तिथली माणसं?"

"ती यंत्राने वाचलंय म्हणून वाचत नाहीत."

"जाऊ नकोस," नवरा म्हणाला. "चारचौघांत शोभा होईल."

मावशी तोवर चपला घालत होत्या. चौकापलीकडे फलक छापून देणाऱ्या एका दुकानदाराकडे तसलं मशीन होतं. त्याच्या काउंटरवर पर्स ठेवत त्या म्हणाल्या, "दुकान बंद होईपर्यंत तुमच्या मशीनपाशी उभी राहणार आहे. हात लावणार नाही."

फलकवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"हात न लावता कसं येईल, मावशी? या इकडे. आधी कागद भरा."