पद्माकर सरांच्या फाइलीतली ओळ

माझा प्रोग्राम महांतेशच मारतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

हेब्बाळच्या आमच्या संस्थेत कंत्राटावर आम्ही दोघंच. शुक्रवारपर्यंत ज्याचं गणित पूर्ण होईल त्याचं कंत्राट वाढणार, दुसऱ्याने घरी बसायचं. गणितं चालवायला मोठा संगणक एकच, आणि तो सांभाळतो महांतेश. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

माझ्या गणिताला सात तास लागणार होते. सोमवारी ऑफिसची बस पोचल्या पोचल्या, दहाला लावलं. अकराला पडद्यावर एकच शब्द: किल्ड. कोणी मारलं ते संगणक सांगत नाही. दोनला पुन्हा लावलं, तीनला पुन्हा किल्ड. अकरा आणि तीन या चहाच्या वेळा. तेव्हा महांतेश चहाचा मग घेऊन माझ्या टेबलावरून जाणार, पडद्याकडे डोकावणार आणि गोड आवाजात विचारणार, "झालं काय, अक्का?" ढोंगी कुठला!

मंगळवारीही तेच, बरोब्बर तासाने. घड्याळ लावून मारतोय म्हणजे बघा.

बुधवारी माझं टाळकंच सटकलं. आमच्या प्रमुखांना, पद्माकर सरांना, लांबलचक मेल टाकली. सरांनी लगेच महांतेशचा संगणकावरचा प्रवेश बंद केला आणि त्याचं चालू गणितही थांबवलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

गुरुवारी दहाला निश्चिंत मनाने लावलं. अकराला किल्ड.

"आता कुठून मारलंस रे?" मी सगळ्यांदेखत ओरडले.

महांतेश हातातला मग खाली ठेवून आला. "अक्का, एवढंच टाइप करा. युलिमिट, मग डॅश टी."

आकडा आला: ३६००.

"सेकंद आहेत. तुमच्या प्रोग्रामला तासभरच राबायची परवानगी आहे. तास भरला की संगणक आपणहून मारतो."

"आणि ही मर्यादा घातली कोणी? तूच ना!"

"तुमची सेटिंगची फाइल उघडा की."

टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडताना संगणक दर वेळी वाचतो ती फाइल. आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी पद्माकर सरांची फाइल जशीच्या तशी उतरवून घेतो. प्रसाद कोणी निवडून खातं का? बाराव्या ओळीत ती तासाची मर्यादा होती, आणि वर सरांची टीप: नवशिक्यांनी मशीन अडवू नये. दोन वर्षं माझी कामं दहा-दहा मिनिटांची, म्हणून ती कधी नडलीच नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

"तू नव्हती घेतलीस सरांची फाइल?" मी पुटपुटले.

"घेतली की. वाचून घेतली."

मी ओळ काढली, नवी खिडकी उघडली, गणित लावलं आणि तशीच सरांकडे पळाले. चूक माझी, म्हणून सांगितलं. त्यांनी महांतेशचा प्रवेश लगेच सुरू केला. पण त्याचं गणित सोमवारपासून चाललं होतं, आणि मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवार त्याच्या हातून गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन वाजले. माझं गणित चालूच होतं. महांतेश मग घेऊन माझ्या टेबलावरून गेला. या वेळी त्याने डोकावून पाहिलं नाही.

"महांतेश, चाललंय रे," मीच म्हणाले. "सहापर्यंत होईल."

"सरी, ठीक आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि चहाला गेला.