मागच्या रांगेतली ओझेला

मेम्फिसमध्ये ओझेला प्रुइटच्या नावाचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरची बस कधीच वेळेवर येत नाही. हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, मग नाव अगदी बरोबर दिलंय. सोल संगीत गाणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या, पण आमच्या शहरातली निम्मी लग्नं हिच्या गाण्यांवर जुळली आणि बरीचशी हिचीच गाणी ऐकत मोडली. संग्रहालयात तिचा चमचमता झगा काचेत टांगलाय. आजकालची पोरं तिच्या चार ओळी उचलून आपल्या गाण्यात घालतात आणि वर तिलाच येऊन सांगतात, आजी, तुम्ही काय भारी गायचात. तिला त्याचं काही वाटत नाही. माझं मात्र डोकं फिरतं.

मी व्हर्लन. छत्तीस वर्षं तिच्यामागे ऑर्गन वाजवला. दौरे थांबल्यावर दक्षिण मेम्फिसमधल्या आमच्या चर्चमध्ये वाजवायला लागलो. ओझेला याच चर्चमध्ये लहानाची मोठी झाली आणि सतरा वर्षांची असताना याच चर्चच्या गायनमंडळातून तिला काढून टाकलं होतं, कारण शनिवारी ती क्लबात प्रेमाची गाणी म्हणायची. काढणाऱ्या म्हाताऱ्या केव्हाच देवाघरी गेल्या. बहात्तराव्या वर्षी ही परत आली आणि म्हणाली, मला मंडळात घ्या.

आमच्या मंडळाचा नियम साधा आहे. नव्या माणसाने सहा महिने मागच्या रांगेत उभं राहायचं, दर गुरुवारी तालमीला यायचं आणि एकट्याने एक ओळसुद्धा गायची नाही. सहा महिने झाले की पुढे येऊन आपल्या आवडीचं एक गीत म्हणायचं. मध्येच नियम मोडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मंडळाची प्रमुख क्लिओथा बॅटल. ही दिवसभर पोस्टात खिडकीवर बसून लोकांना रांगेत उभं करते आणि संध्याकाळी आम्हाला. तिने ओझेलाला तोंडावर सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा. मला वाटलं, आता ही पर्स उचलून चालती होणार. तर हिने विचारलं, मागच्या रांगेत नेमकं कुठे उभी राहू?

का, ते मला घरी जाताना कळलं.

"वरचे सूर एकेक करून चाललेत, व्हर्लन," ती म्हणाली. "म्हाताऱ्याचे दात पडतात ना, तसे. अजून वर्ष निघेल की नाही, सांगता येत नाही. माझी आई या चर्चमध्ये एक गीत म्हणायची. ते तेवढं तिथे उभं राहून म्हणायचंय. मग गेला आवाज तरी चालेल."

मागच्या रांगेत ती सुरुवातीला अगदी निकामी ठरली. सगळ्यांबरोबर गायची सवयच नाही. तीस जणांतून हिचाच आवाज वर यायचा आणि क्लिओथा हात आडवा करून तिला दाबायची. पण शिकली हो. तालमीला तळलेला मासा घेऊन यायला लागली, शेजारणीच्या नातवाला दात आला की तेही मला सांगायला लागली. एका गुरुवारी फोन करून खुशीत म्हणाली, आज मी कुणालाही ऐकू आले नाही. इतक्या सुखात मी तिला पॅरिसच्या दौऱ्यातसुद्धा पाहिलं नव्हतं.

सहा महिने पुरे व्हायला दोन रविवार उरले होते, तेव्हा मंडळाचा वार्षिक दिवस आला. दुसऱ्या चर्चची मंडळं पाहुणी आलेली, बसायला जागा नाही. शेवटचं गीत रंगलं, लोक उभे राहिले, तीच ओळ पुन्हा पुन्हा चालली आणि माझं भान सुटलं. छत्तीस वर्षं मंचावर ओझेला यायच्या आधी मी एक ठरलेली खूण वाजवायचो. डावा हात चार सूर खाली उतरायचा, उजवा एकच सूर धरून ठेवायचा. म्हणजे बाई, या आता. त्या दिवशी माझ्या हातांनी मला न विचारता तेच वाजवलं.

त्या खुणेवर ती अंगात ताप असताना आलेली आहे. नवरा सोडून गेला त्या दिवशीही आलेली आहे. आताही शेजारणींना बाजूला सारत ती तडक पुढे आली, तोंड उघडलं, वरचा सूर घ्यायला गेली आणि आवाज फुटला. नुसती खरखर. मग तीही नाही.

मंचावर असं झालं असतं तर लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या, नाहीतर दयेने टाळ्या वाजवल्या असत्या. इथे तिसऱ्या बाकावरून एक पांढरे हातमोजे घातलेली म्हातारी म्हणाली, "सावकाश, बाळा." पलीकडून कोणीतरी म्हणालं, "घाई नाही." मग सगळी मंडळीच म्हणायला लागली, सावकाश, सावकाश. आमच्याकडे पोर अडखळो की पास्टर, त्याला असंच धरून ठेवतात. क्लिओथाने हात वर केला आणि अख्ख्या मंडळाचा आवाज हळूच तिच्या आवाजाखाली आणून धरला. मीही सूर उतरवला. तिथे, खालच्या सुरात, ओझेलाने एकच कडवं म्हटलं, साधं, काही दागिने न घालता. मी रडलो. त्यात लपवायचं काय?

नंतर तळघरात जेवणं चालली होती. क्लिओथा आमच्या टेबलाशी आली. मी उठून म्हणालो की चूक माझी आहे, काय करायचं ते मला करा.

"तुमचं नंतर बघते, ब्रदर व्हर्लन," ती म्हणाली. मग ओझेलाकडे वळली. क्लिओथाचे डोळे लाल होते. "सिस्टर ओझेला, नियम मोडलात तुम्ही. आजपासून पुन्हा सहा महिने. गुरुवारी सात वाजता या."

गाडीत बसल्यावर मी भडकलो. नियमाचं एवढं काय कौतुक, पोस्टातली बाई ती, तिला कळतं का आपण कुणाशी बोलतोय, आत्ताच्या आत्ता पास्टरकडे जातो, असं बरंच काही बोललो. ओझेलाने ते सगळं ऐकून घेतलं.

"कुठे जायचं नाही," ती म्हणाली. "आवाज उतरायला लागला तेव्हा रेकॉर्ड कंपनीने सोडलं, मॅनेजरने सोडलं, फोन यायचे थांबले. आज तो भरल्या चर्चमध्ये फुटला, आणि ही बाई म्हणते गुरुवारी या."

"आणि आईचं गीत? सहा महिन्यांनी आवाजच नसला तर?"

"असला तर मी म्हणेन," ओझेला म्हणाली. "नसला तर मागच्या रांगेतल्या बायका म्हणतील. मी त्यांच्यात उभी असेन."