नऊ ओळी

तिने पेन्सिल टेबलावर आपटली. ती गडगडत गेली आणि भाचीच्या चहाच्या कपाला अडून थांबली.

"हे उत्तर चूक आहे."

"मावशी, छापलेलं आहे ते."

"छापलं म्हणून काय झालं? चूक ती चूकच."

रविवारची सकाळ होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाचीने आणलेला कागदांचा गठ्ठा पसरला होता. डेटाबेसच्या मुलाखतीत हमखास विचारले जाणारे शंभर प्रश्न, उत्तरांसकट. मावशी ज्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात एकोणीस वर्षं बसत होती, ते एका मोठ्या कंपनीने चालवायला घेतलं होतं. घेतल्या घेतल्या कंपनीने फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपापल्याच खुर्चीसाठी नव्याने मुलाखत द्यायची. नोंदणीच्या खोलीत माणसं चार होती आणि खुर्च्या राहणार होत्या दोन. बाकीच्या दोघांनी महिनाअखेरीला घरी जायचं.

रोज दिवसभर जी बाई रुग्णांच्या नोंदी शोधून देते, तिला विचारायचं की नोंद शोधतात कशी! सुगरणीला चूल पेटवता येते का म्हणून विचारण्यातलाच हा प्रकार. पहिल्या दिवसापासून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती उतरलीच नव्हती. पण एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार, हेही तिला कळत होतं. म्हणून ती मुकाट्याने पेन्सिल घेऊन बसली होती. सर्वांत मोठ्याच्या खालोखाल, दुसऱ्या क्रमांकाचा पगार कोणाचा ते शोधा, हा प्रश्न तर त्या गठ्ठ्यात चार ठिकाणी होता. "एवढे दिवस नोकरी केली, दुसऱ्या क्रमांकाचा पगार मला कोणी विचारला नाही," असं म्हणत तिने तोही पाठ केला. सत्तेचाळिसाव्या प्रश्नापाशी मात्र गाडी अडली.

प्रश्न साधा होता. रुग्णांचा तक्ता दिलाय, एकूण रुग्ण किती ते यंत्राकडून काढून घेणारी क्वेरी, म्हणजे आज्ञा, लिहा. छापील उत्तरात नावाचा रकाना मोजला होता.

"नाव मोजलं की ज्या ओळीत नाव नाही ती ओळ गळते," ती म्हणाली. "आमच्याकडे बेशुद्ध माणसं येतात. खिशात चिठ्ठी नाही, सोबत कोणी नाही. त्यांचं नाव आम्ही कोरं ठेवतो. ती काय रुग्ण नाहीत?"

"कोरं कशाला ठेवता? 'अज्ञात' लिहायचं."

"लिहीत होतो."

मग तिने ती जुनी हकीकत सांगितली. एकाच दिवशी दोन माणसं आली होती, दोघंही साठीची, दोघंही 'अज्ञात'. तेव्हा महिन्यातून एकदा दुबार नोंदी काढून टाकायचा रिवाज होता. यंत्राने नाव तेच, वय तेच पाहिलं आणि दोघांचा एक माणूस करून टाकला. एकाचा रक्ताचा अहवाल दुसऱ्याच्या कागदात जाऊन बसला. एका जुन्या परिचारिकेने रक्तगट बघितला म्हणून निभावलं, नाहीतर चुकीचं रक्त चढलं असतं. त्या दिवसापासून तिने खोलीत नियमच घातला. नाव माहीत नसेल तर रकाना कोरा, आणि मोजायच्या त्या पूर्ण ओळी. शेजारच्या टेबलावर जी नवी बाई आली तिला तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ज्याला नाव नाही तोही माणूसच आहे. त्यालाही खाट लागते.

ती बाई म्हणजे चिमणी. अंगाने चांगली दणकट, आवाज मात्र एवढासा, म्हणून हे नाव. बारा वर्षं दोघी शेजारी बसत होत्या.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या स्वतःच्या दोन नोकऱ्या मुलाखतीत वाद घालून गेल्या होत्या, तिसरी तिने पाठांतरावर मिळवली होती.

"मावशी, तुझं सगळं बरोबर आहे. पण समोरच्याला यातलं काही येत नसतं गं. त्याच्या हाताखाली उत्तरांचा कागद असतो. जुळलं की टिक, नाही जुळलं की फुली. तू त्याला रक्तगट समजावत बसशील आणि तो फुली मारून मोकळा होईल."

"म्हणजे मी खोटं सांगू?"

"छापलंय तेवढं सांग. खोटंबिटं नोकरी मिळाल्यावर बघू."

तिने पेन्सिल परत घेतली. त्या प्रश्नासमोर एवढ्या जोरात खूण केली की कागद फाटला.

मुलाखत मंगळवारी होती. ज्या खोलीत पूर्वी जुन्या फायली ठेवत तिथेच टेबल मांडलं होतं. टेबलापलीकडे कंपनीची दोघं होती. एक तरणा टायवाला, आणि एक बाई, जी पूर्ण वेळ लॅपटॉपकडेच बघत होती. टायवाल्याने व्याख्या विचारल्या. तिने पाठ केलेल्या घडाघडा सांगितल्या, शब्दाचा फरक न करता. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. दुसऱ्या क्रमांकाचा पगारही तिने शोधून दिला. प्रत्येक उत्तरावर टायवाला मान न हलवता टिक करत होता. आपण रोज करतो त्या कामातलं काहीतरी तो विचारेल, एकदा तरी विचारेल, म्हणून ती वाट बघत राहिली.

शेवटी त्याने एक छापील कागद पुढे सरकवला.

"हा रुग्णांचा तक्ता. एकूण किती रुग्ण, आणि क्वेरी कशी लिहाल?"

नऊ ओळी होत्या. चौथ्या आणि आठव्या ओळीत नाव नव्हतं. चौथ्याचं वय साठ, रक्तगट लिहिलेला, खाटेचा क्रमांकही होता. आठवी बाई होती, तिलाही खाट होती. तिने दोनदा मोजलं, मोजायची काही गरज नसताना.

टायवाल्याच्या तळहाताखाली उत्तरांचा कागद होता. कोपऱ्यातून त्यावरचा आकडा तिला उलटा दिसत होता.

किती बोलायचं होतं तिला! की बाळा, तू हा तक्ता कुठून उचललास, या दोन ओळी कोऱ्या का आहेत हे तुला कोणी विचारलं का, आणि ज्याला एवढंही ठाऊक नाही त्याने माझ्यासमोर बसून मला टिक कसली द्यायची? तोंड दाबून बुक्क्यांचा मार यालाच म्हणतात. तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"सात," ती म्हणाली. "नावाचा रकाना मोजायचा."

त्याने टिक केली. "थँक्यू, मॅडम."

बाहेर आल्यावर ती नळापाशी गेली आणि तिने तोंड धुतलं. राग टायवाल्याचा होता, कंपनीचा होता, त्या छापणाऱ्याचाही होता. दोन दिवस ती घरात भांडी आपटत राहिली. भाचीचा फोन आला तेव्हा "झालं तू म्हणालीस तसं," एवढंच बोलून तिने ठेवून दिला.

गुरुवारी दुपारी पत्रं आली. तिच्या पत्रात अभिनंदन होतं. ती नोंदणीच्या खोलीत शिरली तर चिमणी आपल्या टेबलाचा खण रिकामा करत होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"गेले मी, बाई," चिमणी म्हणाली. डोळे लाल होते, पण आवाज तापलेला होता. "आणि तेही एका गुणाने. मी जाऊन विचारलं त्यांना, सोडलं नाही. म्हटलं, कुठे चुकले ते दाखवा. तर तो तक्त्याचा प्रश्न हो! नऊ ओळींचा."

ती दारातच उभी राहिली.

"मी नऊ म्हटलं. त्याने परत विचारलं, खात्री आहे? म्हटलं, खात्री कसली विचारता, आमच्या बाईंनी बारा वर्षं हेच शिकवलंय. ते अज्ञातचं, रक्ताचं, सगळं सांगितलं त्याला. तर म्हणे, बाकी सगळ्यांनी सात सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! बरोबर होतं ना, बाई, नऊ?"

"बरोबरच होतं."

"मग!" चिमणीने खणातल्या पिना मूठभर काढून पिशवीत टाकल्या. आता तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. "मला तर तेव्हाच वाटलं, तुम्हाला दुसरा कागद दिला असणार. नशीब म्हणायचं. हा दिला असता तर तुम्ही त्या पोराला उभा आडवा सोलला असता, आणि तुम्हालाही घरी बसवलं असतं त्यांनी. एक तरी राहिलं इथे, ज्याला ठाऊक आहे."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. चिमणी उत्तराची वाट बघतही नव्हती, ती पिशवीची गाठ मारत होती.

"मलाही तोच दिला होता," ती म्हणाली. "मी सात सांगितलं."

चिमणीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर सोसला असता.

"कशाला, बाई?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.