बापूरावांनी लावलेली आग

मानोरा गावाच्या पलीकडे, जंगल आणि बापूरावांची संत्र्याची बाग यांच्यामध्ये गवताची एक पट्टी आहे. रुंदी पन्नास पावलं, लांबी बागेएवढी. एप्रिलमध्ये हे गवत इतकं वाळतं की पाय पडला तरी कडकड वाजतं. बागेत अडीचशे झाडं, नऊ वर्षं जोपासलेली. आणि त्या दुपारी जंगलातला वणवा वाऱ्याबरोबर बागेकडेच येत होता.

वणवा दोन दिवसांचा होता. वनखात्याची अकरा माणसं थकून गेली, म्हणून राखीव पोलीस दलाचे तीस जवान मदतीला धाडले होते. त्यांचा प्रमुख प्रज्वल, साताऱ्याकडचा तरुण. जवान हिरव्या फांद्या घेऊन आगीवर तुटून पडत. पण फांदी उगारली की ठिणग्या उडत आणि मागे नवी आग लागे.

वनरक्षक लखीराम धावत आला. "बापूराव, हे पट्टी आपणच जाळून टाकू. वनव्याले मंग खायले काही उरत नाही."

"माह्या बागेच्या काठाले आग? विझवाले आले का लावाले आले बे तुमी?"

"काका, गवत कापायचं म्हटलं तर दोन तास लागतील," प्रज्वल म्हणाला. "आग पाऊण तासात हितं असेल बघा."

बापूरावांनी गवताकडे पाहिलं. पेरणीआधी ते दरवर्षी धुरा, म्हणजे बांधावरचं गवत, जाळत. रीत त्यांना ठाऊक होती. पण धुरा दोन हातांचा, सांभाळायला नवराबायको पुरत. इथे वारा बागेकडे होता. एक ठिणगी मागे गेली की नऊ वर्षं संपली.

मग त्यांनी जवानांकडे पाहिलं. तीस माणसं.

"लावीन तं मीच लावीन," ते म्हणाले. "आन् मी म्हनतो तसंच उभं राह्यचं."

बागेच्या काठानं हातभर जागा खरवडून झाली. ती ओली करायला फवारणीचे पंप पाण्यानं भरून आले. बापूरावांनी जवानांना जोडीजोडीनं उभं केलं. "एकानं आग पाह्यची, दुसऱ्यानं मांगं बाग पाह्यची. अन् फांदी आपटू नका. दाबा. लेकराले थोपटतो, तशी." त्यांनी तीनदा करून दाखवलं, एकाला जमेना, त्याचा हात धरून चौथ्यांदा दाखवलं.

पंप भरता भरता त्यांची बायको अंजनाबाई बोलल्या, "जलमभर मले एकलीलेच हुकूम सोडला. आज तीस सापडले यायले!"

जवान हसले. बापूरावांच्याही ओठाला हसू आलं. त्यांनी काडी ओढली. दोन काड्या वाऱ्यानं विझल्या. तिसरी लागली.

आग बागेच्या काठाला पेटली आणि वाऱ्याच्या उलट, हळूहळू जंगलाकडे सरकू लागली. धूर सगळ्यांच्या तोंडावर येत होता. अर्धी पट्टी जळाली असेल, तेवढ्यात एक ठिणगी उडून झाडाखालच्या पाल्यात पडली. बागेकडे तोंड करून उभा असलेला जवान ओरडतच धावला.

"दाबली, काका!"

तोवर वणवा झाडांतून बाहेर आला. समोर काळी जमीन होती. ज्वाळा पट्टीच्या कडेला उंच झाल्या, उरलेलं गवत भस्सकन संपवलं आणि खाली बसल्या. थोड्या वेळानं नुसता धूर राहिला.

तरीही बापूरावांनी कोणाला बसू दिलं नाही. गुरांच्या वाळल्या शेणाचे पो पेटले की आतून तासन्‌तास धुमसतात, म्हणून एकेक उलटवून पाणी मारून घेतलं. मग ते बागेच्या काठानं एकटेच चालत गेले. पहिल्या ओळीची बाहेरची पानं करपली होती. आत हिरवंगार. लिंबाएवढी फळं देठाला तशीच होती.

"किती झाडं गेली, काका?" लांबून प्रज्वलनं विचारलं.

बापूराव मागे वळले. त्यांनी ओरडून सांगितलं, "एकबी नाही गेलं, बाप्पा. एकबी नाही."