त्रिशूळ, मुकुट आणि अठरा

“महाराज, तुमच्या घड्याळाला चावी कोण देतं?”

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या दीपाली आणि हर्षालीनं माझ्याशी लावली होती. मी विचारलं, तेही माईकवर! नळदुर्गच्या हायवेलगतचा तो मंडप सोमवारच्या गर्दीनं खचाखच भरलेला. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेल्या पप्पांनी डोळे वटारले.

कालनाथ महाराज गोड हसले. “बाळ, सातशे वर्षांपूर्वी सिद्धांनी दिलेलं हे सोन्याचं घड्याळ. याला चावी महादेवच देतो!”

त्यांनी ते बंद पडलेलं खिशातलं घड्याळ मुठीत धरलं, डोळे मिटले, हात गरागरा फिरवला आणि मूठ माईकपाशी उघडली. टिक टिक टिक!

“पुरावा बघा!” त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत बारीक ठसे होते. घड्याळ फिरवत महाराज एकेक दाखवू लागले, “हा त्रिशूळ! हा मुकुट! हे अठरा, म्हणजे अठरा पुराणं! आणि हा न, नमः शिवायचा!”

“लई जागृत हाय,” शेजारचे शरणबसप्पा काका हात जोडून पुटपुटले.

तो न चक्क इंग्रजीतला होता. सिद्ध इंग्लिश मिडियमचे असणार! सगळे फोटो काढत होते, मीही काढला.

मला हसूच फुटलं असतं, पण पुढं महानंदा आत्या उभ्या होत्या. घड्याळ कपाळाला लावलं की शुगर जाते, पण गोळी घेतली की गुण जातो, असं महाराजांनी सांगितलेलं. आत्यांनी गोळ्या बंद केल्या, आणि परवा चक्कर येऊन बांधावर पडल्या. तरी कुणाचं ऐकायला तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या शिवलीला मॅडमना फोटो दाखवला.

“तुझ्या कानातल्यावर हॉलमार्क आहे ना?” मॅडम म्हणाल्या. “तसलेच ठसे हे. हातानं मारलेले, म्हणून एक सुलटा, एक उलटा.”

शाळेच्या कॉम्प्युटरवर आम्ही फोटो मोठा केला आणि त्रिशूळ सुलटा फिरवला. झाला की जहाजाचा नांगर! इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला सोनं तपासलं की हा ठसा मारतात. मुकुट आणि अठरा म्हणजे अठरा कॅरेट. आणि तो छोटा एन म्हणजे सालाचं अक्षर, दर वर्षी वेगळं. हे १९१२चं!

पुढच्या सोमवारी मी पुन्हा माईकवर, सोबत मॅडम. सगळं सांगितलं.

महाराज गरजले, “इंग्रजांनी आमच्या त्रिशुळाची नक्कल केली!”

“पर मग ते आपोआप चालू कसं व्हतंय, पोरी?” शरणबसप्पा काकांनी विचारलं.

मॅडमनी पर्समधून त्यांच्या वडिलांचं जुनं, बंद पडलेलं घड्याळ काढलं. मी ते आत्यांच्या हातात दिलं. “आत्या, तुम्ही मुठीत धरा. थोडं हलवा.”

“मला काय जमतंय गं!” म्हणत आत्यांनी मूठ आवळली, हलवली, उघडली.

टिक टिक टिक!

“महानंदा महाराज की जय!” दीपाली ओरडली. मंडप हसून लोटपोट!

मॅडम म्हणाल्या, “आतलं जुनं तेल घट्ट होतं, घड्याळ अडतं. चावी थोडी शिल्लक असते. मुठीची ऊब आणि हिसका मिळाला की तेल सैल होतं, घड्याळ काही मिनिटं चालतं. मग पुन्हा बंद.”

“आण इकडं, मीबी महाराज व्हतो!” काकांनी हात पुढं केला. मग रांगच लागली. त्या गडबडीत महाराजांची जीप कधी निघून गेली, कळलंच नाही.

आत्या मात्र आपल्या मुठीकडंच बघत होत्या. “माज्या हातानं घड्याळ चाललं, पर माजी शुगर काय गेली न्हाय की गं,” त्या हळूच म्हणाल्या. “गोळ्या कुठं ठिवल्यात बघावं लागंल.”

एवढंच तर म्हणणं आहे माझं! कुणी पुरावा दाखवला तर हात जोडण्याआधी तो उलटसुलट करून बघा. खऱ्याला प्रश्नाचा राग येत नाही.

घरी आल्यावर पप्पांनी गुपचूप बिल्ला काढून ठेवला. आईनं ताटं वाढली. मी जेवायच्या आधीच जाहीर केलं, “आई, पप्पा, माझं ठरलंय. उद्या शाळा बुडवून मी आत्यांना सरकारी दवाखान्यात नेणार. आणि गावात पुढचा मंडप उभा राहिला की पहिल्या रांगेत बसणार. पैज न लावता!”