भोंग्याची एकतीस सेकंदं

संगीत माणसांना जोडतं, असं एक थोर वचन आहे. ते ज्याने लिहिलं त्याने जन्मभर एकट्याने बासरी वाजवली असणार. सहा जणांच्या रॉक बँडमध्ये तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारून बघा. तो म्हणेल, जोडतं खरं, पण कैद्यांना बेडी जोडते तसं.

भोंगा अशांपैकीच एक. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी सॅक्सोफोनवादक असायचा. पगारपत्रकावर त्याचं बरं नाव होतं, पण बँडमध्ये पहिल्याच दिवशी गायकाने त्याच्या वाद्याकडे बघून त्याला भोंगा म्हटलं आणि ते जळवेसारखं चिकटलं. आता बायकोसुद्धा चिडली की हेच म्हणायची.

त्याचे वडील अग्निशमन दलाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवत. त्यांची शिस्त साधी होती. कागदावर आहे तेवढं वाजवायचं, नाही ते वाजवायचं नाही. मुलाला त्यांनी याच शिस्तीत फुंकर मारायला शिकवली. त्या काळात शहरातल्या प्रत्येक बँडकडे लांब केसांचा गिटारवाला होता; या बँडकडे दोन होते, तरी कुणी विचारत नव्हतं. कुणाकडे नाही असं काहीतरी हवं म्हणून भोंग्याला बोलावलं. वडिलांनी चार दिवस बसून एका कागदावर पेन्सिलीने त्याला एक तुकडा लिहून दिला. तो तुकडा ज्या गाण्यात बसला ते गाणं गाजलं. त्यानंतर बँडने अकरा गाणी केली, ती लोक सभ्यपणाने सहन करतात.

तो तुकडा एकतीस सेकंदांचा. दीड तासाच्या कार्यक्रमात भोंग्याचं काम एवढंच. बाकी वेळ तो कडेला उभा राहून टॅम्बोरिन, म्हणजे विलायती खंजिरी, हलवायचा. एकतीस सेकंदांसाठी दीड तास काळी पँट घालून उभं राहायचं म्हणजे वरातीत घोड्याची शेपूट धरून चालण्यासारखं, असं तो घरी म्हणायचा. बँडमध्ये मात्र त्याची एकच मागणी असे, आणि ती तेवीस वर्षं प्रत्येक तालमीत मांडली जाई.

"माझा तुकडा दुप्पट करा."

"लोक मला ऐकायला येतात," गायकाचं उत्तरही ठरलेलं, "बंदरातून बोट सुटल्याचा आवाज ऐकायला नाही."

मधल्या काळात गायकाने भोंग्याच्या थोरल्या बहिणीशी लग्न केलं. वैर आधीपासून होतंच. आता त्याला घरात पाट मिळाला. भोंगा गायकाला दाजी म्हणू लागला, आणि 'दाजी' हा शब्द शिवीसारखा उच्चारता येतो हे लोकांना तेव्हा कळलं. ताईने बँडचं व्यवस्थापन हातात घेतलं. तिची निष्ठा नवऱ्याशी होती, आणि उरली तर गिटारवाल्यांशी.

बँडच्या पंचविसाव्या वर्षाचा मोठा कार्यक्रम मैदानावर ठरला, तेव्हा गायक पंचावन्न वर्षांचा झाला होता. त्या गाजलेल्या गाण्यात धृपदाच्या शेवटी एक उंच सूर आहे. पूर्वी तो तिथे उडी मारून पोचायचा, आता शिडी लावूनही पोचत नव्हता. त्यावर उपाय निघाला, गाणंच अर्ध्या सुराने खाली आणायचं. गुरुवारी गिटारवाल्यांनी खुंट्या पिळून तारा सैल केल्या. कीबोर्डवर दातांचे डॉक्टर होते, त्यांनी एक बटण दाबलं. ढोलांना पट्टी नसते. राहिला सॅक्सोफोन. त्याला ना खुंटी, ना बटण. पट्टी बदलली की बोटांची सगळी वाटच बदलते. तेवीस वर्षं रोज उजवीकडे वळणाऱ्याला डावीकडून घरी जायला सांगावं तसं. म्हणजे खरं काम एकट्या भोंग्यालाच होतं, आणि गुरुवारच्या तालमीचा निरोप एकट्या त्यालाच गेला नव्हता.

तालमीची जागा फरशांच्या दुकानामागच्या गोदामात होती. रविवारी चार वाजता भोंगा तिथे पोचला, वाद्याची पत्ती ओली केली, आणि आपली पाळी आल्यावर डोळे मिटून फुंकला. ढोलवाल्याच्या हातातली काडी गळून पडली. गोदामात कुणीतरी मांजरावर कपाट पाडल्यासारखा आवाज झाला होता.

"काय हो मेहुणे," गायक म्हणाला. कमरेखाली वार करायचा असला की तो भोंग्याला मेहुणे म्हणायचा. "वय झालं का? बेसूर लागतंय."

भोंग्याने सूर पुन्हा लावून पाहिला. मग त्याने कीबोर्डकडे पाहिलं. डॉक्टरांनी नजर चुकवली. रुग्णाला 'दुखणार नाही' असं सांगताना ते अशीच चुकवत असावेत.

"पट्टी खाली आणलीत."

"कळवायचं राहिलं," ताई म्हणाली.

"सहा जणांत एकाला कळवायचं राहिलं?"

"मग पाच जणांना लक्षात ठेवून कळवलं ना! तेही बघ."

"दाजी, तुमचा घसा फाटला म्हणून मी बोटं बदलायची?"

"तुला जमणार नाही हे माहीतच होतं," गायक शांतपणे म्हणाला. "डॉक्टर, दाखवा त्याला ते."

डॉक्टरांनी एक बटण दाबलं आणि चार सूर वाजवले. कीबोर्डमधून सॅक्सोफोन निघाला. नाकात कापूस घातलेला, पण सॅक्सोफोनच.

"शनिवारपर्यंत नव्या पट्टीत बसलं तर तू," गायक म्हणाला, "नाही तर हे. टॅम्बोरिन तुझंच आहे, ते कुणी काढून घेत नाही."

भोंग्याने आठवड्याची रजा टाकली. शहरातले मीटर आठवडाभर मनाला येईल तसे फिरले. तो कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाजवायचा, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको. शेजारी तरीही दुसऱ्या दिवशी आले.

"इतकी वर्षं तेच तेच वाजवता, त्याची आम्हाला सवय झाली होती," ते बायकोला म्हणाले. "हे काय नवीन?"

"तेच आहे," बायको म्हणाली. "पूर्वी वाईट वाजायचं. आता वेगळं वाईट वाजतं."

वडिलांचा तो पेन्सिलीचा कागद त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. शेजारी स्वतःच्या हाताने नव्या पट्टीतला कागद. बोटं हट्टी म्हशीसारखी जुन्या गोठ्याकडेच वळत. बुधवारी ओठ सुजला. गुरुवारी ताईचा फोन आला.

"सोडून दे ना आता. एवढ्या एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला ताणतोस?"

"एवढासा आहे तर दाजी का सोडत नाहीत?"

"ते गायक आहेत."

"होते."

तिने फोन आपटला. शुक्रवारी संध्याकाळी तुकडा नव्या पट्टीत बसला. शनिवारी सकाळी त्याने तो लागोपाठ अकरा वेळा बिनचूक वाजवला, आणि दाढी झाल्यावर आरशात बघून 'दाजी' असा शब्द हळूच उच्चारला.

मैदानावर दोनेक हजार माणसं होती. रंगमंचामागच्या तंबूत गायक वाफ घेत होता. टॉवेलमधून त्याचं डोकं बाहेर आलं, ते लाल आणि समाधानी होतं.

"बसलं म्हणे तुझं."

"बसलं."

"वा," गायक म्हणाला, आणि पुन्हा टॉवेलात गेला. भोंगा लघवीला गेला तेवढ्यात गायक टॉवेलातून बाहेर आला आणि बाकीच्यांना म्हणाला, "आज घसा मोकळा आहे. मूळ पट्टीत घेऊ." गिटारवाल्यांनी खुंट्या पुन्हा पिळल्या. डॉक्टरांनी बटण पुन्हा दाबलं. कळवायचं, अर्थातच, राहिलं.

ते गाणं सगळ्यात शेवटी असायचं. पहिलाच झंकार कानावर पडला आणि टॅम्बोरिन हलवता हलवता भोंग्याचा हात थांबला. जुनी पट्टी. त्याने गायकाकडे पाहिलं. गायक लोकांकडे बघून हसत होता, पण ते हसू थोडं डावीकडे, भोंग्याच्या दिशेने सांडत होतं.

दुसरा कुणी गांगरला असता. पण भोंगा आता दोन्ही पट्ट्यांतला माणूस होता. तो टॅम्बोरिन खाली ठेवून पुढे आला. तेवढ्यात धृपदाचा शेवट आला, तो उंच सूर आला, आणि गायक तिथे पोचलाच नाही. आवाज मध्येच तुटला. दोन हजार माणसांसमोर पंचावन्न वर्षांचा घसा दाराच्या जुन्या बिजागरीसारखा करकरला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

भोंग्याने सॅक्सोफोन ओठांना लावला आणि तो तुकडा असा वाजवला की वडील असते तर त्यांनीही मान हलवली असती. एकतीस सेकंदं. मैदान उसळलं. टाळ्या, शिट्ट्या, सगळं.

त्यानंतर शेवटचं धृपद. त्यात पुन्हा तोच सूर. गायक पाठमोरा झाला होता, पाणी पीत होता, खोकत होता. त्याने मान वळवून भोंग्याकडे पाहिलं आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा हाताने खूण केली. बोट हवेत गोल गोल फिरवलं. वाजव. वाजवत राहा. लागेल तेवढं घे.

गिटारवाले तेच चार झंकार पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. ढोलवाल्याने जागा करून दिली. गायकाच्या डोळ्यांत विनवणी होती. ताई कडेला हात जोडून उभी होती.

भोंगा उभा राहिला. एक फेरी गेली. दुसरी गेली. सॅक्सोफोन ओठांवर होता. तिसऱ्या फेरीला त्याने तो सावकाश खाली घेतला, चार पावलं मागे गेला आणि टॅम्बोरिन उचललं.

गायकाने सूर लावला. तो काय लागला ते न सांगितलेलं बरं. नळ मध्येच बंद व्हावा तसं गाणं संपलं.

तंबूत गायकाचा आवाज पुरता बसला होता. "बदला," तो फुसफुसला. "नुसता बघत उभा राहिलास. साप आहेस तू."

"तेवीस वर्षं मनात धरून बसलास," ताई म्हणाली, आणि भावाकडे तिने आयुष्यात पहिल्यांदा भीतीने पाहिलं. "माहेरचं रक्तच असं."

डॉक्टर त्याला कोपऱ्यात गाठून कुजबुजले, "मानलं तुम्हाला. मुळापासून उपटलंत. भूलही दिली नाहीत."

भोंगा वाद्य पुसत होता. त्याने पत्ती काढून डबीत ठेवली, आणि त्याचा दरारा त्या तंबूत आणखी वाढला.

पुढच्या रविवारी तो गोदामात आला तेव्हा बाकीचे पाचही जण वेळेआधी हजर होते. त्याच्यासाठी खुर्ची होती. गायकाने गळ्याला मफलर गुंडाळला होता. घसा खाकरून, शब्द मोजून तो म्हणाला, "ठरलंय. गाण्यात तुझा तुकडा दुप्पट. मिनिटभर. हवं ते वाजव."

"गरज नाही," भोंगा म्हणाला.

सगळे चपापले. हा माणूस आता नेमकं काय मागणार, या काळजीने ताईने त्या रात्री नवऱ्याला झोपू दिलं नाही. बँडमध्ये त्याला पुन्हा कुणी भोंगा म्हटलं नाही आणि पट्टी बदलली की पहिला फोन त्यालाच येऊ लागला.

भोंग्याला येतं ते सगळं वडिलांनी लिहून दिलेल्या त्या कागदावर आहे, आणि तो एकतीस सेकंदांवर संपतो. मागची बाजू कोरी आहे.