पाच घरांचा जामीन

मुखियाने कुळाच्या देवळाचं दार लावून आतून अडसर घातला आणि आत जमवलेल्या पाच घरांच्या माणसांना सांगितलं, दिवस मावळेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. चहा मिळेल, पेज मिळेल. ज्याला अफूची तलफ असेल, त्याच्या जांभया आणि वाहणारं नाकच चुगली करील.

कँटनहून हुकूम आला होता. पाच घरांनी एकमेकांना जामीन राहायचं. एका घरात अफूबाज सापडला की त्याला फास आणि उरलेल्या चार घरांना फटके.

पुईसिमची नजर नवऱ्यावरून हलत नव्हती. सकाळी भाताच्या उंडीत अफूचा खडा दडवून तिने केंगफुकला भरवला होता. तो संध्याकाळपर्यंत पुरेल का, हे विचारायचं तरी कुणाला?

समोरून शेजारच्या तोंगकाकूने त्याला डिवचलं.

"काय रे, आज जांभई नाही? एरवी तुझ्या तोंडात चिमणी घरटं बांधील."

"तुमच्या बडबडीत झोप येईल कुणाला, काकू?"

लोक हसले. मुखियाही हसला, पण त्याने केंगफुकला उजेडात सरकून बसायला लावलं. पुईसिमही आपली तिपाई घेऊन त्याच्याजवळ सरकली.

दुपार टळली. केंगफुकने पेज मागून घेतली, होडीच्या दुरुस्तीच्या गप्पा मारल्या. नाक कोरडं, हात स्थिर. आता पुईसिमचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट तिच्या अंगावर काटा येऊ लागला. भीतीच असणार, तिने स्वतःला समजावलं. मग पोटऱ्यांत गोळे आले, गार घाम फुटला. जांभई तिने बाहीत दाबली, तर डोळ्यांना पाणी आलं.

तिने अफू कधी ओढली नव्हती. ती फक्त दिव्यापाशी नवऱ्यासमोर आडवी होऊन गोळी भाजून द्यायची, आणि नळी नीट पेटली का ते पाहायला पहिला झुरका घ्यायची. रोज, लग्न झाल्यापासून. त्याला ओढणं म्हणतात, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

दुसरी जांभई बाहीत मावली नाही. तोंगकाकू बोलता बोलता थांबली.

"सूनबाई रडतेय का?" मुखियाने विचारलं.

भित्री आहे हो, एवढंच केंगफुकने म्हणायचं होतं. पुईसिमने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिचं ओलं नाक पाहिलं, थरथरणारी बोटं पाहिली, आणि त्याला सगळं कळलं.

केंगफुक उठला. आपली तिपाई त्याने आवाज न करता उचलली आणि तिच्यापासून दोन हात लांब नेऊन ठेवली.